पाठीवरचं नाव

व्हर्न बेन्कोला ओळखायला फार वेळ लागायचा नाही. कुणाशीही हात मिळवला की पाचव्या मिनिटाला तो सांगायचा, "मी वरच्या लीगपासून फक्त एक पायरी खाली होतो." आमच्या टायरच्या कारखान्यात तो फोर्कलिफ्ट चालवायचा. पण त्याच्या लेखी ती मधल्या सुट्टीतली किरकोळ नोकरी होती आणि त्याचं खरं काम म्हणजे बेसबॉल. हे खरं काम त्याने तीन हंगाम केलं होतं. मग कोपर दुखावलं आणि क्लबने त्याला घरी जायचं बसचं तिकीट दिलं. त्याला आता सोळा वर्षं झाली होती. कोपर बरं झालं. गोष्ट मात्र काही थांबली नाही.

एवढ्या वर्षांत एकच दुःख त्याला पुरून उरलं होतं. खालच्या लीगमध्ये शर्टाच्या पाठीवर फक्त नंबर असतो. नाव लिहितात ते वरच्या लीगमध्ये. "एक दिवस, गस, फक्त एक दिवस पाठीवर 'बेन्को' लिहिलेलं पाहिजे होतं," असं तो मला म्हणायचा. मी म्हणायचो, "डोरीनला सांग, ती भरतकाम छान करते." बायकोचा असा उल्लेख झाला की तो दोन दिवस माझ्याशी बोलायचा नाही.

मी गस पाव्हलिक, बावीस वर्षांपासून आमच्या युनियन शाखेचा चिटणीस. सभेत कोण काय बोललं ते लिहून ठेवणं हे माझं काम. त्यामुळे गावात माझ्यासमोर माणसं जरा जपून बोलतात.

नावाचं वेड बेन्कोंच्या घराण्यातच होतं. व्हर्नचा बाप एमिल कारखान्यात पाट्या रंगवायचा. छत्तीस सालचा मोठा संप झाला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि अख्ख्या गावात त्याच्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नव्हतं. संप फोडून जे कामावर गेले त्यांची नावं त्याने एका लांब पांढऱ्या फळ्यावर काळ्या रंगात लिहिली. तो फळा आमच्या युनियनच्या हॉलमध्ये बिअरच्या टेबलासमोर आजही आहे. दर सप्टेंबरात, आमच्या अमेरिकन कामगार दिनाला, त्यातली पुसट झालेली नावं पुन्हा गडद करायची हा आमचा रिवाज. इतर गावांत त्या दिवशी मिरवणूक निघते. आम्ही सॉसेज भाजतो आणि मेलेल्या माणसांची नावं रंगवतो.

त्या फळ्यावर बारावं नाव एका न्हाव्याचं आहे. तो बिचारा कधी कारखान्यात कामाला नव्हता. त्याने फक्त संप फोडणाऱ्यांच्या दाढ्या केल्या. त्याचं म्हणणं होतं की त्यातला एक माझा जावई आहे, घरच्या माणसाला मी कसं हाकलू? एमिलने ऐकलं नाही. "फाटकाच्या आतल्यांना जो मदत करतो तो आतलाच," एवढं म्हणून त्याने ब्रश उचलला. न्हाव्याची नातवंडं अजून गावात आहेत. हॉलमध्ये येतात तेव्हा फळ्याकडे पाठ करून बसतात.

शहाऐंशी साली एमिलचा हात थरथरायला लागला. तेव्हापासून शिडीवर चढतो व्हर्न, आणि म्हातारा खाली खुर्चीत बसून हुकूम सोडतो. "पोरा, तो आर सरळ कर. संपफोड्या असला म्हणून काय त्याचं नाव वाकडं लिहायचं?"

व्हर्न स्वतः युनियनचा पक्का माणूस. सत्त्याऐंशीच्या संपात अकरा आठवडे तो फाटकावर उभा होता. आत जाणाऱ्या एका संपफोड्याच्या ट्रकचा दिवा त्याने साठ फुटांवरून गोठलेला टोमॅटो मारून फोडला. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात नेमका चेंडू तोच, फक्त तो टोमॅटो होता. त्या ट्रकवाल्याचं नाव फळ्यावर व्हर्ननेच रंगवलं आणि रंगवताना शीळ वाजवली.

मग चौऱ्याण्णवच्या ऑगस्टात बेसबॉलपटूंचा संप झाला. हंगाम अर्ध्यावर मोडला. कधी नव्हे ते वर्षाची अंतिम मालिकाही झाली नाही. आम्ही मालकांना शिव्या दिल्या, मग खेळाडूंना दिल्या, मग हवामान वाईट आहे असं म्हणत हिवाळा काढला. जानेवारीत मालकांनी जाहीर केलं की संपवाले येत नसतील तर न येवोत, आम्ही दुसरे आणतो. ज्याला चेंडू फेकता येतो त्याने यावं. आमच्या क्लबचं नाव मी इथे घेत नाही. त्यांच्याकडे खेळाडूंपेक्षा वकील जास्त आहेत.

फेब्रुवारीत व्हर्न माझ्या टेबलापाशी आला आणि सुट्टीचा अर्ज ठेवला. सहा आठवडे, भरपगारी.

"कुठे निघालास?"

"फ्लोरिडाला. मासे धरायला."

"आणि ते पिशवीतून चामड्याचं डोकावतंय, ते माशांसाठी का?"

त्याने हातमोजा आत ढकलला. "गस, अडतीस वर्षांचा झालो रे मी. पुन्हा कोण बोलावणार आहे मला?"

"संप आहे व्हर्न. दुसऱ्याच्या जागेवर जाऊन उभा राहणार तू."

"तो काय संप आहे? त्यांच्या एकेकाच्या घरात आपल्या हॉलएवढं तर न्हाणीघर आहे. आपला संप वेगळा, त्यांचा वेगळा."

अशा अर्जावर शाखेची सही लागते. मी सही केली. ती सहा आठवड्यांची सुट्टी सत्त्याऐंशीच्या संपात आम्ही भांडून मिळवलेली होती. संप करून मिळवलेल्या सुट्टीत गडी संप फोडायला निघाला होता आणि मी त्याला 'मजा कर' म्हणालो. हे मी कुठेही लिहून ठेवलं नाही.

मार्चमध्ये वर्तमानपत्रात फोटो आला. फ्लोरिडाच्या उन्हात पोट आत ओढून उभा असलेला व्हर्न. आता गाव काय करणार? दोन दिवस सगळे तोंडं वाकडी करून फिरले. तिसऱ्या दिवशी एक जण माझ्या कानाशी लागला, "गस, हंगामाचा पहिला सामना कधी आहे म्हणे?" मग दुसरा. मग तिसरा. शेवटी मी गुपचूप बस ठरवली आणि नावं घ्यायला लागलो. प्रत्येक जण एकटा यायचा, इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, "माझी एक जागा धर, पण बोलू नकोस कुणाला." क्लाइड डॉब्स, म्हणजे आमच्या शाखेचा अध्यक्ष, त्याने चार जागा धरल्या. दोन नातवंडांसाठी. एकूण अठ्ठावन्न नावं झाली आणि त्या अठ्ठावन्न जणांना वाटत होतं की असा नालायक गावात मी एकटाच.

इकडे फ्लोरिडात क्लबने शर्ट वाटले. व्हर्नला एक्केचाळीस नंबर मिळाला. त्याने शर्ट उलटा करून पाहिला, तर पाठ कोरी. क्लबचा व्यवस्थापक होता कुणी प्रेस्कॉट म्हणून, त्याच्याकडे तो गेला.

"साहेब, यावर नाव राहिलंय."

"राहिलं नाही, लिहायचंच नाहीये. तुमची नावं शिवून घेईपर्यंत तुम्ही असाल की नाही कुणाला ठाऊक?"

दुसऱ्या कुणी हे ऐकून घेतलं असतं. तिथे बाकीचे बत्तीस जण होतेच की, कुणी प्लंबर, कुणी विमा विकणारा, कुणी शाळेत गाडी शिकवणारा मास्तर, सगळ्यांनी मुकाट्याने शर्ट चढवले. पण व्हर्न आमच्या गावचा. आमच्याकडे पोरं चालायला लागतात त्याच्या आधी तक्रार नोंदवायला शिकतात. त्याने बॅगेतून आमच्या युनियनचा तक्रारीचा फॉर्म काढला, तीन प्रतींमध्ये भरला आणि प्रेस्कॉटच्या टेबलावर नेऊन ठेवला. कामावर जाताना लोक डबा नेतात. हा संप फोडायला जाताना युनियनचे फॉर्म घेऊन गेला होता.

दुपारी हॉलचा फोन वाजला, बिल आमच्या माथी लावून व्हर्नने केलेला.

"गस, तक्रार दिल्यावर मॅनेजमेंटने किती दिवसांत उत्तर द्यायचं असतं?"

"कामाचे पाच दिवस," मी म्हणालो. हात सवयीने वहीकडे गेला होता.

"आणि नाही दिलं तर?"

"माणसं जमव, मतदान घे, आणि काम थांबव."

संपफोड्यांना संप कसा करायचा ते मी, शाखेच्या फोनवरून, शाखेच्या खर्चाने शिकवलं होतं.

पाच दिवस उत्तर आलं नाही. सहाव्या दिवशी सरावाच्या सामन्याआधी व्हर्नने सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत बसवलं. मतदान झालं. तेहेतीसपैकी अठ्ठावीस जणांनी हात वर केले. नावाशिवाय मैदानात उतरायचं नाही असं ठरलं. प्रेस्कॉट आला, दारात उभा राहिला आणि आधी त्याला काही कळेचना.

"म्हणजे तुम्ही संप करताय?"

"हो."

"तुम्ही? अहो, तुम्हाला संप मोडायला आणलंय!"

"ते वेगळं," व्हर्न म्हणाला. "हा आमचा आहे."

प्रेस्कॉटने घड्याळ पाहिलं. "बाहेर गाड्या लावायच्या जागेत चाळीस माणसं उभी आहेत. दोन वाजेपर्यंत जो उठेल तो आपला."

पावणेदोनला प्लंबर उठला. मग ते गळायलाच लागले. कुणी लघवीला म्हणून गेला तो थेट मैदानात दिसला. शेवटी व्हर्न आणि मास्तर दोघंच उरले. दोनला पाच मिनिटं कमी असताना मास्तर म्हणाला, "व्हर्न, तुझं नाव छोटं आहे रे. माझं तेरा अक्षरांचं आहे, ते तसंही मावलं नसतं." आणि गेला.

व्हर्नला फाटकाबाहेर काढलं. एक्केचाळीस नंबरचा शर्ट एका पोस्टमनला चढवला. आणि मग आमच्या मित्राने जे केलं ते टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. त्याने खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर 'संप' लिहिलं, फाटकासमोर उभा राहिला आणि आत जाणाऱ्या पोस्टमनकडे बोट दाखवून घसा फुटेपर्यंत ओरडला, "संपफोड्या! लाज नाही वाटत? दुसऱ्याच्या जागेवर जातोस?"

हॉलमधल्या टीव्हीसमोर आम्ही चाळीस जण बसलो होतो. पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. पण हसताना माझ्या बरगड्या दुखल्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की एमिल कोपऱ्यात बसलाय आणि तो हसत नाहीये.

चार दिवसांनी कोर्टाचा निकाल आला, खऱ्या खेळाडूंचा संप मिटला आणि प्लंबर, मास्तर, पोस्टमन, सगळेच घरी गेले. हंगामाचा एकही सामना त्यांच्यातल्या कुणाच्या वाट्याला आला नाही. आमची बस रद्द झाली. बसवाल्याने आगाऊ रक्कम परत दिली नाही, आणि ती कुठे गेली हे विचारायची अठ्ठावन्नांपैकी एकाचीही छाती झाली नाही.

व्हर्न कामावर आला तेव्हा कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसेना. ज्यांनी बसमध्ये जागा धरली होती ते तर सगळ्यात लांब बसायचे. मीही लांबच बसलो.

मेच्या पहिल्या गुरुवारी सभा भरली. विषय एकच, व्हर्न बेन्कोचं नाव फळ्यावर लिहायचं की नाही. क्लाइडने छाती पुढे काढली. "संप म्हणजे संप. टायरचा असो, नाहीतर चेंडूचा. दुसऱ्याचं फाटक ओलांडलं की माणूस फळ्यावर!" टाळ्या झाल्या.

मागून कुणीतरी म्हणालं, "पण त्याने संपही केला की! संपात ज्याची नोकरी जाते त्याचं नाव पितळी पाटीवर येतं. नियम चौदा."

झालं. दीड तास आम्ही त्यावर भांडलो. एक गट म्हणे फळा. दुसरा म्हणे पितळी पाटी. तिसऱ्याचं म्हणणं, अर्धं नाव इकडे, अर्धं तिकडे. व्हर्न पहिल्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

शेवटी एमिल उठला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, खुर्चीची पाठ धरून उठला.

"क्लाइड, न्हाव्याचं नाव फळ्यावर का आहे?"

"एमिल, तुम्ही बसा. ते जुनं प्रकरण आहे."

"का आहे?"

"फाटकाच्या आतल्यांना मदत केली म्हणून."

"मग आतल्यांचा खेळ बघायला पैसे मोजून जाणारे, ते कोण?" तो माझ्याकडे वळला. "गस, बसची यादी काढ."

क्लाइड लालबुंद झाला. "यादी? कसली यादी? आणि आम्ही गेलो कुठे? बस रद्द झाली!"

"व्हर्न तरी कुठे खेळला?" एमिल म्हणाला. "वाच, गस. वरपासून वाच."

यादी माझ्या वहीतच होती. मी घडी उलगडली. पहिलं नाव पाहिलं आणि घडी पुन्हा मिटायला लागलो.

"वाच."

"एमिल बेन्को," मी वाचलं.

खरंच, तो सगळ्यात आधी आला होता माझ्याकडे. 'पहिल्या रांगेतली जागा बघ, मला लांबचं दिसत नाही,' असं म्हणाला होता. तेव्हा मी फक्त लिहून घेतलं होतं. लिहून घेताना माझं डोकं कधीच चालत नाही.

व्हर्न वळून बापाकडे पाहत राहिला. दुसरं नाव माझंच होतं. ते मी वाचलं नाही. क्लाइडने हातोडा आपटला आणि घाईघाईने ठराव मांडला. विषय बंद करावा. व्हर्न बेन्को याचं नाव फळ्यावरही नको, पाटीवरही नको, कुठेच नको. इतक्या पटापट हात वर झाले की मला मोजताही आले नाहीत. यादी वाचली जाणार नाही याचा आनंद एकेकाच्या तोंडावर दिसत होता, आणि माझ्याही दिसत असणार.

तेव्हा व्हर्न उभा राहिला. "कुठेच नको म्हणजे?"

"म्हणजे सुटलास तू!" क्लाइड म्हणाला. "जा घरी. बिअर पी."

"क्लबवालेसुद्धा हेच म्हणाले होते," व्हर्न म्हणाला. "नाव नको, नुसता नंबर पुरे. अरे, मी गेलो होतो. माझ्या पायांनी गेलो होतो. चूक केली तर केली, पण मी केली ना? लिहा माझं नाव. फळ्यावर लिहा."

ठराव काही बदलला नाही. पण फळा क्लाइडचा नव्हता.

सप्टेंबरात, कामगार दिनाला, नेहमीप्रमाणे एमिल खुर्ची घेऊन फळ्यासमोर बसला. व्हर्न शिडीवर चढला. त्याने आधी जुनी नावं गडद केली, न्हाव्याचंही केलं. मग सगळ्यात खाली, रिकाम्या जागेत, मोठ्या अक्षरांत 'बेन्को' लिहिलं आणि शेजारी वर्ष घातलं. शिडी उतरून चार पावलं मागे गेला आणि बघत उभा राहिला. अडतीस वर्षांचा दांडगा गडी, त्याचे डोळे भरले होते. खरं सांगतो, माझेही भरले. हसणं तर दूरच.

"एन जरा तिरका झालाय," एमिल म्हणाला. "असू दे. आता खाली माझं लिही."

"तुमचं कशाला बाबा? तुम्ही पोराला बघायला निघाला होता."

"न्हावी जावयाची दाढी करत होता." म्हातारा खुर्चीतून उठला. एकोणसाठ वर्षं त्याने न्हाव्याचं नाव त्या फळ्यावर जपलं होतं. "ब्रश दे इकडे."

"हात थरथरतो तुमचा."

"थरथरू दे."

दोन अक्षरं त्याने स्वतः लिहिली, वेडीवाकडी. पुढची व्हर्नने त्याचा हात धरून लिहून घेतली. मग एमिलने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. हॉलमध्ये साठेक माणसं होती, सगळ्यांच्या हातात ताटल्या.

"गस," तो म्हणाला, "रंग ओला आहे अजून."

कुणी ब्रश उचलला नाही. क्लाइड म्हणाला, कोळसे विझतायत, बघून येतो, आणि अंगणात गेला. त्याच्यामागे बाकीचे गेले. मीही ताटली घेऊन गेलो. परत आत आलो तेव्हा ब्रशचे केस कडक झाले होते आणि व्हर्न शिडी घडी करत होता.

हल्ली हॉलमध्ये गेलं की मी फळ्याकडे पाठ करून बसतो. न्हाव्याची नातवंडं तिथेच बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी सरकून मला जागा दिली.